मथुरेचे धुराडे आणि आग्ऱ्याचा धूर

वायुप्रदूषणाच्या धड्यात ताजमहाल आला की पाठोपाठ मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना येतोच. मुलांना ते एक वाक्य पाठ असते. खरा इतिहास मात्र त्या एका वाक्यात मावणारा नाही.

मथुरा आग्ऱ्याच्या वायव्येला सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि हिवाळ्यात तिकडचा वारा बऱ्याचदा वायव्येकडून वाहतो. वर्षाला ६० लाख टन तेल शुद्ध करणारा कारखाना तिथे काढायचे ठरले, तेव्हा काळजी वाटली ती या वाऱ्याची. कच्च्या तेलात गंधक असते. ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि हवेतील ऑक्सिजन व बाष्प यांच्यामुळे त्याचे गंधकाम्ल बनते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. या आम्लाने त्याचे जिप्सम होते. आपल्याकडे फळ्यावर लिहायचा खडू बहुधा जिप्समचाच असतो. तो किती सहज झिजतो हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

सरकारने डॉ. एस. वरदराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखाना सुरू झाला १९८२ मध्ये, म्हणजे समितीला मोजता आली ती कारखान्याआधीची हवा. हे फार बरे झाले. कारण त्या हवेतही सल्फर डायऑक्साइड होताच! कोळशावरची दोन वीजकेंद्रे, वाफेच्या इंजिनांचे रेल्वे यार्ड आणि सुमारे २५० लहान कारखाने, त्यांत मुख्यतः लोखंडाच्या फाउंड्र्या, आग्ऱ्यातच होत्या. त्यांचा एकूण धूर फार नसला तरी तो स्मारकांच्या अगदी जवळ होता, आणि अंतर कमी असले की धूर विरळ व्हायला वाव मिळत नाही. पुढे ती वीजकेंद्रे बंद झाली, यार्डात डिझेल इंजिने आली.

मथुरेतही उपाय झाले. मुंबई हायचे कमी गंधकाचे तेल वापरात आले. आग्ऱ्याच्या वाटेवर हवा मोजणारी केंद्रे बसली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत सुंदर उपाय मात्र जुना आहे. कार्ल फ्रीडरिख क्लाउस यांनी १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेलातील गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात वेगळे काढायचे. त्या वायूचा एक-तृतीयांश भाग जाळून सल्फर डायऑक्साइड करायचा आणि उरलेल्या दोन भागांशी त्याची क्रिया घडवायची; मिळते ते पाणी आणि पिवळे गंधक. धुराड्यातून जायचा तो पदार्थ पोत्यात भरून विकता येतो. २००० मध्ये मथुरेत हायड्रोक्रॅकर सुरू झाला. त्यात हायड्रोजन जड तेलाचे रेणू तोडतो आणि त्यांतील गंधकही सोडवून घेतो.

दरम्यान १९८४ मध्ये वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नागपूरच्या 'नीरी'ने १९९० आणि १९९३ मध्ये अहवाल दिले. कोळशाऐवजी नैसर्गिक वायू हा त्यांतला मुख्य मार्ग होता. ३० डिसेंबर १९९६ च्या निकालाने २९२ कारखान्यांना वायू घ्या किंवा जागा सोडा असे बजावले. कारखान्याबरोबर जाणाऱ्या कामगाराला एक वर्षाचा पगार द्यावा, असेही निकालात होते. पण हजेरीपटावर ज्याचे नावच नाही त्याने कोणता कागद दाखवायचा? मोठ्या कारखान्याला गंधक पकडण्याचे यंत्र परवडते. लहान भट्टीवाल्याला आणि त्याच्या मजुराला हवा शुद्ध करण्याची किंमत अंगावर घ्यावी लागते. प्रदूषणाच्या धड्यात हे येत नाही.

आणि ताजचा पिवळसरपणा? भारतीय व अमेरिकी संशोधकांनी २०११-१२ मध्ये संगमरवराचे छोटे तुकडे ताजमहालावर काही महिने ठेवून पाहिले. त्यांवर साचलेल्या कणांत धूळ होती आणि कार्बनचे कण होते: इंधनाच्या धुरातली काळी काजळी, आणि लाकूड, गोवऱ्या, कचरा जळताना निघणारा तपकिरी कार्बन.