संदर्भ खरा आहे का? डीओआय तपासा!

चॅटबॉटकडे रिसर्च पेपरसाठी संदर्भ मागितले, की लेखक, वर्ष, जर्नल सगळं व्यवस्थित मिळतं; पण कधी कधी तो लेखच अस्तित्वात नसतो! म्हणून मी आधी डीओआय तपासतो. हा लेखाचा कायमचा क्रमांक, सुरुवात '१०.'ने होते. फोनच्या ब्राउझरमध्ये 'डीओआय डॉट ओआरजी', तिरकी रेघ आणि पुढे हा क्रमांक टाका. उघडलेल्या पानावरचं शीर्षक आणि लेखक जुळतात का बघा.

जुन्या लेखांना डीओआय नसूही शकतो. मग गूगल स्कॉलरवर शीर्षक शोधा. निकालाखालच्या अवतरणचिन्हावर टॅप केलं, की एपीए, एमएलए पद्धतीत तयार संदर्भ मिळतो. तोही मूळ लेखाशी ताडून घ्या. आणि न वाचलेला लेख यादीत नकोच. व्हायवाला त्यावरच प्रश्न आला तर?