औटकी, लॉगचे कोष्टक आणि कॅल्क्युलेटर

कॅल्क्युलेटरने मुलांचे पाढे घालवले, ही तक्रार आपण सर्रास ऐकतो. पण पाढ्यांचा एक मोठा भाग कॅल्क्युलेटर येण्याआधीच गेला होता. पंतोजींच्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. ‘औटघटकेचे राज्य’ म्हणताना तो शब्द अजून आपल्या तोंडी येतो, अर्थ मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. ही घोकंपट्टी हौसेची नव्हती. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस. साडेतीन आणे शेर या दराने सात शेर गूळ घेतला, की औटकी साडेचोवीस आणे सांगे. त्यांचा दीड रुपया आणि दोन पैसे करणे हे मुलाच्या डोक्याचे काम. औटकी हे हिशेबाचे यंत्रच होते, फक्त ते तोंडात वागवायचे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढच्या काही वर्षांत शेर जाऊन किलो आला. साडेतीन आणे म्हणजे २१.८७५ नवे पैसे! औटकीचा बाजारच उठला. खिशात मावणारे कॅल्क्युलेटर आले ते १९७०च्या दशकात.

दुसरे यंत्र आपण यंत्र मानतच नाही. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉग टेबलला परवानगी आणि कॅल्क्युलेटरला मनाई, अशी सूचना छापलेली दिसते. नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिथम प्रसिद्ध केले ते आकडेमोडीचे कष्ट वाचवण्यासाठीच. गुणाकाराची बेरीज झाली. मग एका साधनाला पाट आणि दुसऱ्याला दाराबाहेर का? निव्वळ सवय म्हणून, असे म्हणता येईल. पण एक फरक खरा आहे. २, २० आणि २०० या तिन्हींसाठी कोष्टकात एकच नोंद सापडते, ३०१०. उत्तर दहांत आहे की हजारांत, हे कोष्टक सांगत नाही. ते मुलालाच ठरवावे लागते. आण्यांचे रुपये करतानाही तेच होते. कॅल्क्युलेटर दशांशचिन्हही स्वतःच देऊन टाकतो.

म्हणून त्याला वर्गाबाहेर ठेवण्यापेक्षा, बटण दाबण्याआधी अंदाजी उत्तर वहीत लिहून घ्यावे, असे मला वाटते. गुळाच्या त्या हिशेबात चार आणे दर धरला असता, तर अंदाज पावणेदोन रुपयांचा आला असता.