जुन्या चिलखतांतील शांतिसैनिक

अहिल्यानगरास, म्हणजे जुन्या पिढीच्या अहमदनगरास, लष्करानें जतन केलेलें रणगाड्यांचें एक संग्रहालय आहे. तें १९९४ सालीं स्थापन झालें. अजस्र रणगाड्यांच्या त्या मेळाव्यांत एक बेताच्या आकाराची चिलखती मोटार उभी आहे. रोल्स-रॉइस कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या नामांकित गाडीच्या सांगाड्यावर पोलादी पत्र्याची पेटी व मशीनगनसाठीं मनोरा चढवून ती बनविलेली आहे. ज्या गाड्या संस्थानिकांच्या दारीं दिमाखानें उभ्या असत, त्यांच्याच कुळांतील ही गाडी लढाईस जुंपलेली पाहून प्रेक्षकांना गंमत वाटते. तिच्या कुळाची पुढील हकीकत मात्र गमतीची नाहीं.

या मोटारी प्रथम १९१४ सालीं ब्रिटिश आरमाराच्या विमानदलानें तयार करविल्या. पत्र्याची जाडी सुमारें १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंचसुद्धां नव्हे. बंदुकीची गोळी अडावी एवढाच त्या जाडीचा हिशेब होता. तोफेचा गोळा अडविण्याची प्रतिज्ञा कोणीं केलीच नव्हती. जेथें समोर बहुधा केवळ बंदुका असत, तेथें हा हिशेब पुरेसा ठरला.

अशाच १३ मोटारी १९२२ सालीं इंग्रजांनीं आयर्लंडच्या नव्या सरकारच्या स्वाधीन केल्या. त्यांतील ‘स्लीव्ह-ना-मन’ नांवाची मोटार २२ ऑगस्ट १९२२ रोजीं सेनापति मायकेल कॉलिन्स याच्या ताफ्यांत होती. कॉर्क परगण्यांत दबा धरून बसलेल्या प्रतिपक्षानें गोळीबार केला, मोटारीची मशीनगन ऐन वेळीं अडकली, आणि उघड्यावर उतरून लढणारा कॉलिन्स ठार झाला. ती मोटार आयरिश लष्करानें आजवर सांभाळून ठेविली आहे.

लहान राष्ट्राला जुनीं हत्यारें सांभाळण्याची संवय लागते ती कांहीं हौसेनें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत आयर्लंड तटस्थ राहिलें. अशा देशाला शस्त्रें विकावयास मोकळें कोण होतें? तेव्हां कार्लो गांवच्या थॉम्पसन कारखान्यानें फोर्ड लॉरीच्या सांगाड्यावर घरच्या घरीं चिलखती मोटारी उभारल्या. हत्यार एकच : व्हिकर्स मशीनगन, पहिल्या महायुद्धापूर्वींच्या बनावटीची. त्या काळीं ही करामत कौतुकास्पदच होती. परंतु वीस वर्षांनंतर त्याच मोटारी आफ्रिकेंत धाडण्यांत आल्या.

कांगो देश ३० जून १९६० रोजीं बेल्जियमच्या अंमलांतून मुक्त झाला, आणि पंधरवडा लोटण्यापूर्वींच तांब्याच्या खाणींनीं संपन्न असा कटांगा प्रांत मॉइस चोंबे याच्या नेतृत्वाखालीं फुटून निघाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेंत आयरिश पलटणींप्रमाणें १९६१ सालीं ब्रिगेडियर के. ए. एस. राजा यांच्या हुकमतीखालील भारतीय ब्रिगेडहि होती. कटांगाच्या पदरीं गोरे भाडोत्री शिपाई होते, रणगाडाभेदी शस्त्रें होतीं आणि फूगा जातीचें एक जेट विमानहि होतें. शांतिसेनेजवळ त्या वेळीं एकहि लढाऊ विमान नव्हतें.

१३ सप्टेंबर १९६१ रोजीं लढाई पेटली. पुढच्या एकदोन दिवसांतच एलिझाबेथव्हिल शहरांत दबा धरून बसलेल्या कटांगी सैनिकांनीं आयरिश चिलखती मोटारींना गांठलें. रणगाडाभेदी माऱ्यापुढें फोर्डचा पत्रा तो काय टिकणार! दोन जवान प्राणास मुकले. तिकडे शंभराहून अधिक किलोमीटर दूर जादोतव्हिल येथें कमांडंट पॅट क्विन्लन यांची सुमारें १५५ जणांची कंपनी वेढ्यांत सांपडली. न्याय करावयाचा तर तेथील दोन फोर्ड मोटारींचें मोठें साहाय्य झालें. मात्र धांवत्या मोटारी म्हणून नव्हे, तर मशीनगनचे मोर्चे म्हणून. आकाशांतून बाँब टाकणाऱ्या विमानापुढें त्यांचा इलाज नव्हता. सुटकेसाठीं निघालेलीं दळें लुफिरा नदीच्या पुलावरून दोनदां परतविलीं गेलीं. दुसऱ्या खेपेस आयरिशांबरोबर भारतीय गुरखेहि होते, व त्यांचेंहि रक्त त्या पुलापाशीं सांडलें. पाणी आणि दारूगोळा सरत आल्यावर १७ सप्टेंबरला क्विन्लन यांनीं शरणागति पत्करली. तोंपर्यंत त्यांनीं आपला एकहि माणूस गमावला नव्हता.

राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीचा दराराच पुरेसें चिलखत होईल, असा सैनिक धाडणारांचा समज असावा. तो महाग पडला. भारताचीं कॅनबेरा विमानें ऑक्टोबरांत कांगोंत पोंचलीं. जादोतव्हिलकरांना त्यांचा काय उपयोग?

पातळ पत्र्याची हीच मर्यादा ५ डिसेंबर १९६१ रोजीं उलट बाजूनें दिसून आली. एलिझाबेथव्हिलच्या विमानतळाजवळ वाट अडवून बसलेल्या सुमारें ९० शत्रूंजवळ दोन चिलखती मोटारी होत्या. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनीं अवघ्या १६ गुरख्यांनिशीं चाल केली, रॉकेटच्या माऱ्यानें त्या मोटारी निकामी केल्या आणि कुकऱ्या उपसून हातघाई केली. त्यांत त्यांना वीरमरण आलें. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें.

आयर्लंडनें १९६४ सालीं सायप्रसच्या शांतिकार्यासाठीं फ्रेंच बनावटीच्या पानार चिलखती मोटारी विकत घेतल्या. जादोतव्हिलच्या शिपायांना मात्र मायदेशीं शरणागतीचा डाग वर्षानुवर्षें सोसावा लागला. त्यांच्या शौर्याचा सरकारी गौरव २०१६ सालीं झाला व पदकें २०१७ सालीं देण्यांत आलीं. क्विन्लन १९९७ सालींच निवर्तले होते.