बाविसाव्या मजल्यावरून माहूल

चेंबूरमधल्या आमच्या म्हाडा कॉलनीचा पुनर्विकास ठरला, तेव्हा बिल्डरचा माणूस मीटिंगमध्ये म्हणाला, "बाविसाव्या मजल्यावरून खाडी दिसेल. फ्लेमिंगोसुद्धा!" आजीने विचारलं, "आणि माहूल?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र नकाशा उघडून बसलो.

चेंबूरचा इतिहास म्हणजे मुंबईला दारात नको असलेल्या गोष्टींचा पत्ता. कुर्ला-चेंबूर रेल्वे 1906 साली टाकली, ती शहराचा कचरा वाहायला. माणसांना त्या रुळांवरून प्रवास करायला 1924 उजाडलं. 1927मध्ये शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड आलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथे जागा मिळाली. 'चेंबूर कॅम्प' हे नाव तेव्हाचं. 1950च्या दशकात माहूलला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले आणि डोंगरापलीकडे ट्रॉम्बेला अणुकेंद्र. तिथली 'अप्सरा' अणुभट्टी 1956मध्ये सुरू झाली.

पण याच कडेला वस्ती रुजली. कॅम्पातलं दालपकवान, छेडानगरचं मुरुगन मंदिर, राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ, आणि सगळ्यांच्या आधीपासून असलेले माहूलचे कोळी. माझ्या लहानपणी माहूलची मावशी टोपली घेऊन थेट तिसऱ्या मजल्यावर यायची. आजी तिच्याशी आधी भांडायची, मग तिला चहा द्यायची. आता मावशी भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणते. खाडीत पूर्वीसारखं मिळत नाही, म्हणते.

2013मध्ये ईस्टर्न फ्रीवे आला, 2014मध्ये मोनोरेल आणि सांताक्रूझ लिंक रोड. दक्षिण मुंबई जवळ आली, भाव चढले. 2017मध्ये आर. के. स्टुडिओला आग लागली. पुढे ती जागाही बांधकाम कंपनीकडे गेली.

याच काळात तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना माहूलच्या इमारतींमध्ये पाठवलं गेलं. माहूलच्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2015मध्येच म्हटलं होतं. लोक आंदोलनाला बसले. 2019मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की, कुणालाही तिथे राहायची सक्ती करता येणार नाही.

म्हणजे एकच खाडी, एकच हवा. कुणाला ती शिक्षा म्हणून मिळते, कुणाला वरच्या मजल्याचे जादा पैसे मोजून.

संमतीपत्रावर मी सही केली. बाथरूमचं छत गळतं, आजीला जिने चढवत नाहीत. नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. सही करताना आजीने दोनच गोष्टी विचारल्या. लिफ्टमध्ये टोपली चालेल का? आणि खिडकी कुठल्या दिशेला?

"दक्षिणेला," मी म्हणालो.

"मग वारा फिरला की वास येईलच," ती म्हणाली. "बरं आहे. शेजारी कोण आहे ते विसरणार नाही."

टोपलीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.