तारखांच्या पायऱ्या

पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची आपण सर्वांनीच वापरली आहे. डग कटिंग यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस रचलेली 'ल्युसीन' ही संगणकीय शोधप्रणाली याच तत्त्वावर उभी आहे. तिच्या सूचीत तारीखही एक शब्द म्हणूनच नोंदली जाई.

एक तारीख शोधणे सोपे. पण '३० मार्च १९९० ते २ फेब्रुवारी १९९३' या काळातील नोंदी हव्या असतील तर? रोजची एक तरी नोंद असल्यास मधल्या तारखा होतात १०४१. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एका प्रश्नाला शब्दांची नेहमीची मर्यादा १०२४. त्यापुढे शोधच थांबे! सूची वाढेल तशी अडचणही वाढे.

जर्मनीतील 'पँजिया' या पृथ्वीविज्ञानाच्या माहितीसंग्रहासाठी काम करणाऱ्या उवे शिंडलर यांनी यावर तोड काढली. २००९ साली ती ल्युसीनच्या २.९ आवृत्तीत आली. प्रत्येक किंमत बारीक ते ढोबळ अशा अनेक पायऱ्यांवर नोंदवायची. प्रत्यक्षात या पायऱ्या द्विमान अंकांच्या असतात. सोयीसाठी आपण दिवस, महिना, वर्ष अशा मानू. मग मार्चचे २ दिवस, १९९० चे ९ महिने, पुढची २ वर्षे, १९९३ चा जानेवारी आणि फेब्रुवारीचे २ दिवस, एवढे १६ शब्द पुरतात. टोकांना बारीक माप, मध्ये मोठे.

अर्थात एकच नोंद अनेकदा लिहिल्याने सूची फुगते. शोधतानाचे श्रम आपण नोंदवतानाच करून ठेवतो. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत 'बीकेडी वृक्ष' आला. त्यात किमतींचे गठ्ठे बांधतात. अख्खा गठ्ठा काळाच्या आत बसला, तर आतली प्रत्येक किंमत तपासावी लागत नाही.

जन्मतारखेपासून आजपर्यंतचा काळ कमीत कमी किती 'शब्दांत' मावतो, हे वर्गात काढून पाहूया!