गेमिंग लॅपटॉपची ग्राफिक्स चिप: नंबर एकच, ताकद वेगळी का?



काही वर्षांपूर्वी मी माझा पहिला गेमिंग लॅपटॉप घेतला. पैसे अर्धे माझे, अर्धे बाबांचे. दुकानात मी एकच गोष्ट बघितली, ती म्हणजे ग्राफिक्स चिपचा नंबर. नंबर मोठा, लॅपटॉप पातळ आणि देखणा, झालं, घेऊन टाकला. दिवाळीत मावसभाऊ त्याचा जाडजूड लॅपटॉप घेऊन घरी आला. त्याची चिप त्याच कंपनीची, पण नंबर माझ्याहून एक पायरी खाली, आणि किंमतही कमी. आम्ही दोघांनी एकच गेम एकाच सेटिंगवर लावला आणि त्याचा लॅपटॉप पुढे निघाला. "दादा, नंबर तुझा भारी आहे, पण पळतोय माझा," तो हसत म्हणाला. बाबा शेजारी पेपर वाचत होते. त्यांनी नुसतं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

त्या एका नजरेमुळे मी हा विषय मुळापासून समजून घेतला. तुम्हीही लॅपटॉपसाठी पैसे साठवत असाल, तर आधी हे वाचा.

जीपीयू म्हणजे काय, आणि तुमच्या फोनशी त्याचं नातं

जीपीयू म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी चिप. सीपीयू मोजकी पण गुंतागुंतीची कामं झटपट करतो. जीपीयूमध्ये हजारो छोटे कोअर असतात आणि ते एकाच प्रकारची गणितं एकाच वेळी सोडवतात. लाखो पिक्सेलचा रंग सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ठरवायचा, तर हीच पद्धत कामाला येते.

तुमच्या फोनमध्येही जीपीयू आहेच. स्नॅपड्रॅगनवाल्या फोनमध्ये त्याचं नाव अ‍ॅड्रिनो. गंमत बघा, एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स चिपचं नाव आहे रेडिऑन. या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की अ‍ॅड्रिनो हा शब्द तयार होतो! हा योगायोग नाही. एएमडीने २००९ मध्ये आपला मोबाईल ग्राफिक्सचा विभाग क्वालकॉमला ६.५ कोटी डॉलरला विकला आणि तिथूनच हे घराणं पुढे वाढलं. सॅमसंगच्या एक्झिनॉस २२०० मध्ये तर थेट एएमडीच्या तंत्रावर बनलेला जीपीयू आहे. म्हणजे लॅपटॉपमधल्या या स्पर्धेची एक शाखा तुमच्या खिशातही आहे.

मैदानातले खेळाडू

एनव्हिडिया १९९३ साली अमेरिकेत सुरू झाली. १९९९ मध्ये तिने जीफोर्स २५६ आणली आणि "जगातला पहिला जीपीयू" अशी तिची जाहिरात केली. पुढच्याच वर्षी जीफोर्स २ गो ही लॅपटॉपसाठीची चिप आली. तेव्हा समोर होती कॅनडाची एटीआय, आणि लॅपटॉपच्या बाजारात तिचं बस्तान चांगलं बसलेलं होतं. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली, म्हणून आज आपण एनव्हिडिया विरुद्ध एएमडी असं म्हणतो.

तिसरा खेळाडू इंटेल. २०२२ मध्ये इंटेलने आर्क ही वेगळी ग्राफिक्स चिप आणली, तीही आधी लॅपटॉपसाठी. पण महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये तिला जम बसवता आला नाही.

एएमडीने मात्र टक्कर दिली होती. २०२१ मध्ये आरएक्स ६८००एम ही चिप १२ जीबी मेमरी घेऊन आली. २०२३ मध्ये आरएक्स ७९००एम आली, १६ जीबी मेमरीची. पण ती मोजक्याच मॉडेलमध्ये दिसली. २०२५ मध्ये एएमडीने डेस्कटॉपसाठी आरएक्स ९०७० आणली, तेव्हा त्या पिढीची लॅपटॉप चिप सोबत आली नाही. त्या वर्षी महाग गेमिंग लॅपटॉप शोधायला गेलात, तर वेगळी चिप म्हणून जवळपास सगळीकडे एनव्हिडियाच दिसायची.

नाव तेच, चिप वेगळी

आता खरी गोम. २०१६ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपपुढचं एम हे अक्षर काढून टाकलं. तेव्हा ते रास्तही होतं. लॅपटॉपमधल्या जीटीएक्स १०८० मध्ये डेस्कटॉपइतकेच २५६० कोअर होते. लॅपटॉपच्या १०७० मध्ये तर डेस्कटॉपपेक्षा थोडे जास्तच होते.

पुढे मात्र नाव तेच राहिलं आणि आतली चिप बदलत गेली. आरटीएक्स ४०९० चंच बघा. डेस्कटॉपवर १६,३८४ कोअर आणि २४ जीबी मेमरी, तर लॅपटॉपवर ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. २०२५ ची आरटीएक्स ५०९० घ्या. डेस्कटॉपवर २१,७६० कोअर, लॅपटॉपवर १०,४९६. म्हणजे निम्म्याहूनही कमी! कंपनी नावापुढे "लॅपटॉप जीपीयू" असं लिहिते खरं, पण दुकानातल्या स्टिकरवर आणि बोलण्यात ते गळून पडतं.

यात सगळाच दोष कंपनीचा आहे असंही नाही. डेस्कटॉपची ५०९० एकटी ५७५ वॅट खाऊ शकते. लॅपटॉपमध्ये एवढी उष्णता कोंबली, तर मांडीवर तवा ठेवल्यासारखं होईल. ताकद कमी असणं समजू शकतो. नाव सारखं ठेवणं मात्र मला पटत नाही.

वॅटचा खेळ

माझी फसगत झाली ती इथे. लॅपटॉपच्या चिपला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. या मर्यादेला टीजीपी म्हणतात. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप चिपची अधिकृत मर्यादा ३५ ते ११५ वॅट आहे. म्हणजे दोन लॅपटॉपवर स्टिकर एकच, पण एकातल्या चिपला दुसरीच्या तिप्पट वीज मिळू शकते. त्याशिवाय डायनॅमिक बूस्ट नावाची सोय असते. सीपीयू निवांत असेल, तर त्याच्या वाट्याची थोडी वीज जीपीयूकडे वळवली जाते.

पातळ लॅपटॉपमध्ये पंखे छोटे, हवेला जागा कमी, म्हणून वॅटही कमी. जाड लॅपटॉपला तो प्रश्न कमी. कमी वॅटची वरच्या नंबरची चिप आणि पूर्ण वॅटची खालच्या नंबरची चिप कधी कधी बरोबरीने पळतात, कधी खालचीच पुढे जाते. मावसभावाने दिवाळीत मला हेच दाखवलं.

आणि बॅटरीवर गेमिंग? ते विसरा. ५००० एमएएचची फोनची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. मोठ्या गेमिंग लॅपटॉपची बॅटरी बहुतेक वेळा १०० वॅट-तासांच्या आतच ठेवतात, कारण त्याहून मोठी बॅटरी विमानात न्यायला विमान कंपनीची परवानगी लागते. चिप आणि बाकीचे भाग मिळून २०० वॅट ओढायला लागले, तर ही बॅटरी अर्धा तासच पुरेल. म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप आपणहून वेग कमी करतो. लाईट गेली की गेमही गेला, असं समजा.

स्पर्धा ढिली पडली की काय होतं?

एक छोटी यादी देतो. ७० नंबरच्या लॅपटॉप चिप आणि बाजारात आल्या तेव्हाची त्यांची मेमरी:

- २०१६, जीटीएक्स १०७०: ८ जीबी
- २०१९, आरटीएक्स २०७०: ८ जीबी
- २०२१, आरटीएक्स ३०७०: ८ जीबी
- २०२३, आरटीएक्स ४०७०: ८ जीबी
- २०२५, आरटीएक्स ५०७०: ८ जीबी

नऊ वर्षं, पाच पिढ्या, आकडा तोच! मेमरीचा वेग वाढला, चिपही वेगवान झाली, हे मान्य. पण नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर सगळ्यात वर ठेवलं की ८ जीबी भरतात आणि गेम अडखळायला लागतो. समोर तगडा प्रतिस्पर्धी असता, तर हा आकडा इतकी वर्षं टिकला असता का? मला नाही वाटत. फोनच्या बाजारात चार-पाच कंपन्या भिडतात, म्हणून रॅम आणि चार्जिंगचा वेग भराभर वाढला. इथे तसं झालं नाही.

एनव्हिडिया पुढे आहे ती फुकट नाही, हेही सांगायला हवं. तिची डीएलएसएस ही सोय कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयच्या मदतीने मोठं करते, त्यामुळे फ्रेम वाढतात आणि विजेचीही बचत होऊ शकते. एएमडीची एफएसआर २०२१ मध्ये आली आणि तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्या दुसऱ्या कंपन्यांच्या चिपवरही चालायच्या. हा मोठेपणा खरा, पण चित्राच्या दर्जात डीएलएसएस बराच काळ पुढे राहिली.

पुढचा डाव

एएमडीने आता वेगळी वाट धरली आहे. २०२५ च्या रायझन एआय मॅक्स चिपमध्ये सीपीयू आणि दमदार जीपीयू एकाच तुकड्यात आहेत, आणि दोघं मिळून १२८ जीबीपर्यंत एकच मेमरी वापरतात. अगदी फोनच्या चिपसारखं! सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५०० कोटी डॉलर गुंतवायची घोषणा केली. इंटेलचा सीपीयू आणि एनव्हिडियाचा जीपीयू एकत्र असलेल्या चिप बनवायच्या, असंही दोघांनी जाहीर केलं. म्हणजे कालचे प्रतिस्पर्धी आज भागीदार. पुढची लढत याच मैदानात रंगेल असं दिसतंय.

घेताना काय बघायचं?

१. टीजीपी विचारा. कंपनीच्या वेबसाईटवर त्याच मॉडेलच्या माहितीत जीपीयूचे वॅट शोधा. दुकानात चालू लॅपटॉप असेल, तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडा. तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते.

२. जीपीयूची मेमरी बघा. चार-पाच वर्षं वापरायचा असेल, तर बजेटमध्ये बसल्यास ८ जीबीच्या वर जा. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही.

३. मक्स स्विच आहे का? यामुळे जीपीयू थेट स्क्रीनशी जोडला जातो आणि फ्रेम वाढतात.

४. रिव्ह्यू नेमक्या मॉडेलचाच बघा. त्याच चिपच्या दुसऱ्या लॅपटॉपचा किंवा डेस्कटॉपचा नको.

५. मागच्या पिढीची किंमत तपासा. पूर्ण वॅटची जुनी चिप अनेकदा कमी वॅटच्या नव्या चिपपेक्षा फायद्याची ठरते.

माझा तो लॅपटॉप अजून आहे. आता त्यावर बहीण कॉलेजचे प्रोजेक्ट करते. मागच्या वर्षी शेजारच्या काकांनी मुलासाठी लॅपटॉप घ्यायला मला सोबत नेलं. दुकानदाराने चिपचा नंबर सांगितला आणि मी विचारलं, "वॅट किती?" तो क्षणभर थांबला आणि मग काउंटरखालून माहितीपत्रक काढलं. तुम्हीही एवढा एक प्रश्न नक्की विचारा.