चिरलेला छर्रा

गाडी ठाण्याला थांबली की उतारूंचा मोठा लोंढा पश्चिमेच्या बाजूला वाहतो. बाजार तिकडे, तलावपाळी तिकडे, कचेऱ्या तिकडे. आम्ही कोपरीकर मात्र पूर्वेला उतरणारे. पूर्वेला चेंदणीचा कोळीवाडा, मीठबंदर, त्यापलीकडे कांदळवन आणि मग खाडी. माझ्या लहानपणी भरतीच्या वेळी वारा सुटला की खारट, चिखलट असा एक वास थेट घरात यायचा. आई खिडकी लावून घ्यायची, आणि मी त्याच सुमारास घरातून नाहीसा व्हायचो.

नाहीसा होऊन जायचो कुठे, तर एका म्हाताऱ्या कोळ्याच्या शेजारी जाऊन बसायचो. होडी मुलांच्या हाती सोपवून ते गृहस्थ निवृत्त झाले होते. पण ज्याचा जन्म पाण्यावर गेला तो निवृत्त होऊन करणार काय? बंदराच्या दगडावर बसून गळ टाकणार! त्यांच्याजवळ तंबाखूचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यात दोन-चार गळ, थोडी दोरी आणि मिऱ्याएवढे, वाटाण्याएवढे शिशाचे दाणे. बंदुकीचे छर्रे त्यांना कुठून मिळत कोण जाणे! सुपारीच्या अडकित्त्याने त्या दाण्याला निम्म्यापर्यंत चीर द्यायची, चिरेत दोरी बसवायची आणि दातांनी दाणा दाबून चीर मिटवायची, एवढीच ती कारागिरी. दाणा गळाला चिकटून नव्हे, तर वीतभर किंवा हातभर वर लावायचा. गळाला गांडूळ नाही तर कोळंबी.

मोठे वजन का लावत नाही, असे मी एकदा विचारले. म्हाताऱ्याने खाडीवरची नजर न काढता उत्तर दिले, "वजन जास्त झालं का मासा शाना होतो, पोरा."

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. वजन मुळीच नसेल तर आमिष वरच्या वर तरंगते आणि ओढ त्याला वाहवत नेते. वजन जड असेल तर आमिष धोंड्यासारखे तळाशी जाऊन पडते, आणि तोंड लावणाऱ्या माशाला लगेच ओझे जाणवते. तो ते थुंकून टाकतो. छर्रा या दोहोंच्या मधला. तो आमिषाला हळूहळू खाली नेतो, आणि दाण्याच्या खालची हातभर दोरी मोकळी असल्यामुळे गांडूळ पाण्याच्या मर्जीने हेलकावत राहते. पाणी ओढते झाले तर आणखी एक दाणा चिमटावा, संथ झाले तर नखाने उकलून काढावा. गाठ नाही, कडी नाही, खर्च तर नाहीच.

पुढे वयात आल्यावर मला या दाण्याच्या कुळाचा शोध घ्यावासा वाटला. राजेरजवाड्यांची बखर लिहिणारे पुष्कळ आहेत. छर्ऱ्याची बखर कोणी लिहायची?

दोरी बुडवण्यासाठी वजन बांधण्याची युक्ती धातूंहूनही जुनी असली पाहिजे, कारण दगड सर्वांनाच मिळतो. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी जाळ्यांना लावायला मातीची भाजलेली वजने केली होती आणि मोहेंजोदडोला तांब्याचे उलट्या काट्याचे गळ सापडले आहेत. म्हणजे गळ आणि बुडवणी ही जोडी आपल्याकडे चार हजार वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. शिसे त्यात मागाहून आले. जड, मऊ, मंद आचेवर वितळणारे आणि पाण्यात लोखंडासारखे न गंजणारे. कोळ्याने ते पाहताच आपलेसे केले असेल यात नवल नाही. पागेराच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे वेगळे सांगायला नको. जाळे हवेत फुलासारखे उमलते आणि पाण्यात मुठीसारखे मिटते ते त्या गोळ्यांच्या जोरावर.

हे शिसे येत कुठून होते? पहिल्या शतकातला रोमन पंडित प्लिनी लिहितो की, हिंदुस्थानात तांबे नाही आणि शिसेही नाही. तिथले लोक मोती आणि रत्ने देऊन ते घेतात. पंडितांच्या पुष्कळ विधानांप्रमाणे हेही अर्धेच खरे आहे, कारण राजस्थानात जावरच्या खाणी त्याच्याही आधीपासून चालू होत्या. पण समुद्रमार्गे शिसे येत होते हे निश्चित. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत, जिला 'पेरिप्लस' म्हणतात, भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद आहे. त्याच पुस्तकात आपले कल्याणही आहे. एके काळी ते रीतसर व्यापाराचे बंदर होते, पुढे राजकीय भांडणामुळे तिथे परक्या जहाजांची अडवणूक होऊ लागली, असे तो खलाशी तक्रारीच्या सुरात सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. आणि त्या काळी या मुलखावर राज्य करणाऱ्या सातवाहनांनी नाणी पाडली ती कशाची? चांदीची थोडी, पण शिशाची भरपूर! ज्या धातूवर राजा आपली मुद्रा उठवीत होता, तोच धातू कोळी जाळ्याला बांधीत असेल तर दोघांपैकी शहाणा कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

गळाने मासे धरण्याला शास्त्राची प्रतिष्ठा देणारा पुरुष मात्र राजाच होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. (हे कल्याणी म्हणजे आपले कल्याण नव्हे, ते बिदरकडचे, आजचे बसवकल्याण.) वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशतींमध्ये त्याने राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत सारे काही घातले आहे. त्यातल्या करमणुकीच्या विंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले मासे आणि गोड्या पाण्यातले मासे, खवले असलेले आणि नसलेले, अशी तो वर्गवारी करतो. कोणत्या माशाला काय चारावे, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, हेही सांगतो. सिंहासनावरचा माणूस माशाच्या आवडीनिवडीची इतकी चौकशी करतो, हे वाचून मला तो फार जवळचा वाटला. डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते विद्वानांच्या नजरेस आणले, तोवर ते बहुतेक संस्कृतज्ञांच्याच कपाटात होते.

सोमेश्वरानंतर साडेतीनशे वर्षांनी, १४९६ मध्ये, इंग्लंडात गळाच्या मासेमारीवर एक छोटे पुस्तक छापले गेले. एका मठवासिनीच्या नावावर ते चालते, पण ते तिचेच की काय याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यात शिशाची वजने दोरीला कशी लावावी हे सविस्तर सांगितले आहे, आणि गळाच्या सर्वांत जवळचे वजन गळापासून फूटभराहून थोडे अधिक अंतरावर असावे असा स्पष्ट दंडक आहे. मीठबंदरावरच्या माझ्या म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती. वीतभर-हातभराचे माप त्याने कोणत्या पुस्तकातून घेतले? मासा हेच दोघांचे पुस्तक, दुसरे काय!

पण त्या पुस्तकाच्या काळी गोल, सारखा छर्रा नव्हता. तो आला १७८२ मध्ये, ब्रिस्टल शहरात. विल्यम वॉट्स नावाचा एक नळकारागीर होता. शिशाचा पाऊस पडतो आहे असे त्याला स्वप्न पडले, अशी दंतकथा आहे. काही जण ते स्वप्न त्याच्या बायकोला पडले असे म्हणतात, आणि मला ते अधिक पटते. स्वप्न कोणाचेही असो, त्याने आपल्या घरावर मनोरा चढवला, घराखाली विहिरीसारखा खड्डा खणला आणि वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून सोडले. पडता पडता थेंब स्वतःच्याच ताणाने गोल होतो आणि खालच्या पाण्यात पडून निवतो. थेंब गोल राहावा म्हणून शिशात किंचित सोमल घालीत. पेटंट मिळाले, छर्रे स्वस्त झाले, बंदुकी कडाडू लागल्या. शिकाऱ्याच्या पिशवीतला हा दाणा चीर पाडून कोळ्याच्या दोरीवर बसायला मग कितीसा उशीर! वॉट्सचा तो मनोरा १९६८ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी पाडला.

अमेरिकेत बास नावाचा मासा गळाला लावण्याचे मोठे वेड आहे. तिथे ओहायो प्रांतातल्या ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ मध्ये घरच्या घरी मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ ओतून बनवले. हुबेहूब लिबलिबीत, आणि डब्यात मरत नाही. या नकली गांडुळापुढे हातभर अंतरावर चिरलेला छर्रा, हा तिथल्या हौशी लोकांचा आजही आवडता साज आहे. गांडूळ बदलले, छर्रा तोच राहिला.

आपल्याकडे तो अमेरिकन मासा नाही. पण ज्याला इंग्रजीत आशियाई समुद्री बास म्हणतात तो आपला जिताडाच. खाडीच्या तोंडाशी, कांदळाच्या मुळ्यांत दबा धरून बसणारा. हा प्राणी मोठा चमत्कारिक: तारुण्यात नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. पेण-अलिबागकडे तळ्यात जिताडे पाळीत आणि काम अडलेल्या साहेबाच्या घरी एखादा पोचवीत, असे सांगतात. काम होत असे, असेही सांगतात.

येथवर सगळे गोड झाले. दिवाळीच्या फराळात कडू बोलू नये. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याची कडू चव जिभेला लावायची रीत आपलीच आहे.

इंग्लंडात टेम्स नदीवरचे राजहंस एकाएकी कमी होऊ लागले. मेलेल्या पक्ष्यांची पोटे फाडली तेव्हा आत छर्रे निघाले. हंसाला दात नसतात. दाणा दळायला तो तळातले खडे गिळतो आणि पोटाच्या जात्यात ठेवतो. तुटून पडलेले छर्रे त्याला खड्यांसारखेच दिसले. जाते फिरले, शिसे दळले गेले, रक्तात उतरले. स्नायू लुळे पडत, ती प्रसिद्ध डौलदार मान मधेच मोडल्यासारखी वाकडी होई आणि अन्न समोर असून पक्षी उपाशी मरे. १ जानेवारी १९८७ पासून तिथे, अगदी धुळीएवढे बारीक दाणे सोडून, अठ्ठावीस ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली, आणि हंस पुन्हा वाढले. स्पेनच्या पाणथळीत शिकाऱ्यांचे छर्रे गिळून रोहित पक्षीही मेले आहेत. रोहित म्हणताच कोपरीच्या माणसाचे कान टवकारतात. गेली काही दशके आमच्या खाडीवर हिवाळ्यात हेच गुलाबी पाहुणे हजारोंनी उतरतात. २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर यादीत खाडीचे नाव गेले.

आणि मी? मी लहानपणी किती छर्रे दातांनी मिटवले असतील! म्हाताऱ्याचे दात झिजलेले, म्हणून ते काम माझ्याकडे असे. शिशाची चव किंचित गोडसर लागते, हे मला ठाऊक आहे. शिसे अंगात किती गेले तर चालते, याला आजचे वैद्यक 'मुळीच नाही' असे उत्तर देते, आणि मुलांच्या बाबतीत तर अधिकच निक्षून. आमच्या आईला यातले काही माहीत नव्हते. शिसपेन्सिल तोंडात घातली की ती हातावर चापट मारायची, जिच्यात शिसे औषधालाही नसते. छर्ऱ्यांविषयी तिला मी कधी कळूच दिले नाही.

गेल्या हिवाळ्यात पुष्कळ वर्षांनी मीठबंदरावर गेलो. मासळी पूर्वीसारखी राहिलेली नाही; कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने काय केले ते खाडीच्या रंगावरूनच कळते. तरी दगडावर दहा-बारा वर्षांचा एक पोरगा तंगूस सोडून बसला होता. मी चष्मा सावरून पाहिले. गळापासून हातभर वर सायकलचा एक गंजका नट बांधलेला.

"शिसं नाही लावत?" मी विचारले.

"ते कशाला काका? सायकलवाला हे फुकट देतो."

"जड होतं ना पण?"

त्याने क्षणभर विचार केला, दोरी वर ओढली, नट सोडला आणि खिशातून त्याच्या निम्म्या आकाराचा दुसरा काढून बांधला. मग अर्धा तास आम्ही दोघे गप्प बसलो. शेवटी एक शिंगाळा लागला, वीतभराचा. त्याचा काटा बोटात जाऊ नये म्हणून तो कसा धरायचा, हे पोराने मलाच शिकवले.